बदलाचे शिल्पकार, मुक्काम धायरी

धायरी,
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप विमलताईस,
दिगूचा सा. न. वि. वि.

एकाच पुण्यात राहून पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. अगं, फोनवर तुला ऐकू जायला मला जेवढं ओरडावं लागतं, तेवढ्यात अख्ख्या सोसायटीला बातमी कळेल. समोर येऊन सांगायचं धाडस नाही. तर बातमी अशी की माझी नोकरी गेली. दिवाळी झाल्या झाल्या खराडीच्या ऑफिसात आम्हा जुन्या लोकांना एका खोलीत बसवलं, पाणी-बिणी दिलं आणि कंपनी आता नव्या दिशेला निघाली आहे असं सांगितलं. त्या दिशेला आम्ही नव्हतो. नम्रता आणि ऋतुजा सोडून कोणालाच माहीत नाही. घरातसुद्धा हा विषय काढायचा नाही, असं मी दोघींना बजावून ठेवलंय.

शेजारची निकिता एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. तिचं मत पडलं की नोकरदारांच्या त्या साइटवरचं माझं पान अगदीच मरगळलेलं आहे, ते सुधारल्याशिवाय कोणी ढुंकूनही बघणार नाही. मग काय, लागलो कामाला! आधी फोटो. वर मेव्हण्याचा कोट, खाली चट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, आणि चेहऱ्यावर दूरदृष्टी. नम्रताने विचारलं, दाढ दुखतेय का. मग नावाखाली एक भारदस्त ओळ लागते म्हणे. मी 'बदलाचे शिल्पकार' असं टाकलं. माझ्या हाताखाली आठ जण होते, त्यातला एक काठमांडूचा, म्हणून मी बहुराष्ट्रीय चमूचा नेता झालो. तणावातही शांत राहतो, अशी ग्वाही साइटवर नम्रताने दिली, आणि त्याच संध्याकाळी गीझर बंद पडला म्हणून मी जे काही बोललो ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. आणि हो, जुनी नोकरी 'चालू' असंच ठेवलंय. गेली असं लिहायला हात धजत नाही.

एकच विनंती. तुझ्या वधूवर मंडळातून ऋतुजासाठी आलेलं हडपसरच्या हिंमतरावांच्या पृथ्वीराजचं स्थळ मला फार आवडलंय, आणि तिलाही. दोनदा भेटलेत दोघं. भेटून आली की पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणत असते. मला दुसरी नोकरी लागेपर्यंत त्यांच्यापाशी काही बोलू नकोस. आणि माझं पान एकदा बघ. तू भल्याभल्यांची लग्नं जुळवलीस, मला एखादी नोकरी जुळते का सांग.

लोभ आहेच, ही बातमी वाचूनही तो तसाच असू द्यावा.
तुझा,
दिगू

सदाशिव पेठ,
११ जानेवारी २०२५

चि. दिग्विजयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाईट वाटलं. नोकरी गेली याचं थोडं आणि दिवाळीपासून माझ्यापासून लपवलंस याचं जास्त. तुझ्या दाजींना सांगितलेलं नाही, कारण ते काही विचारतच नाहीत.

तुझं पान मंडळाच्या कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं. दाजींना फोटोतला मनुष्य ओळखता आला नाही. बदलाचे शिल्पकार म्हणे! घरातला बल्ब बदलायचा तर नम्रता शेजाऱ्यांना हाक मारते.

आता मुद्द्याचं. काल हिंमतराव आले होते. चहाला नको म्हणाले. मुलाकडची माणसं चहाला नको म्हणाली की मी काय ते समजते. त्यांच्या घरी सगळ्यांनी मिळून तुझं पान वाचलं. म्हणाले की एवढा मोठा माणूस, परदेशापर्यंत हात पोचलेले, आणि आम्ही आपले साधे; हे नातं आम्हाला पेलायचं नाही, तेव्हा इथेच थांबलेलं बरं. मी त्यांना परोपरीने सांगितलं की माझा भाऊ अजिबात मोठा नाही, मी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलाय, काही झालेला नाही. त्यांना तो माझा विनय वाटला.

मंडळातली माझी रीत तुला ठाऊक आहे. जे चौकशीत निघणारच आहे, ते आपण पहिल्या ओळीत लिहायचं. चष्मा असो, मोडलेला साखरपुडा असो की अंगावरचे डाग असोत. पहिली ओळ वाचूनही जे पुढे वाचतात, तेच लग्नाला उभे राहतात. तू माझा सख्खा भाऊ, आणि तुझ्या पानावर पहिल्या ओळीतच थाप. तुझ्या त्या कोटापायी पोरीचं चांगलं स्थळ चाललंय. पान सांभाळायचं की पोरगी, ते तूच ठरव.

रागावले आहे, पण जीव तुटतो म्हणूनच. नम्रताला आणि ऋतुजाला आशीर्वाद, तुला पुढच्या पत्रात बघू.
विमलताई

धायरी,
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. बल्बचं तर फारच लागलं, खरं असल्यामुळे. दोन दिवस हट्टाने पान तसंच ठेवलं. वर आणखी 'जागतिक दृष्टी' असं घालूनही पाहिलं.

नम्रताने ऋतुजाला स्थळ मोडल्याचं सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली. मग ओट्यापाशी गेली आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी हॉलमध्ये बसून तो आवाज ऐकत होतो. ताई, मला बसवेना. मी उठलो, कॉम्प्युटर लावला आणि ते 'चालू' खोडलं.

पण खरं कसं लिहायचं, ते कुठे येतंय? कॉलेजात असताना तुझ्या मंडळाची माहितीपत्रकं उतरवून द्यायचो, हात आपोआप त्याच वळणाने गेला. नोकरी दिवाळीनंतर गेली, कंपनीने काढलं, वय अठ्ठेचाळीस, हे पहिल्या ओळीत लिहिलं. आठ माणसं हाताखाली होती आणि त्यांच्यापैकी कोणी मला सोडून गेलं नाही, हे दुसऱ्या ओळीत. त्याच भरात उंची, रक्तगट, निर्व्यसनी, चष्मा आहे, आणि शेवटी अपेक्षा: माणसं समजूतदार असावीत, पगाराचं बसून बोलू! एवढं सगळं लिहून पानावर टाकूनही दिलं. सकाळी निकिता जिना चढून आली तीच पोट धरून. तिला हसू आवरेना आणि मला तोंड लपवायला जागा सापडेना.

खोडायला गेलो, तर तिनेच हात धरला. रात्रीतून कितीतरी लोकांनी वाचलं होतं. बरेचसे हसायला आलेले, पण जुन्या ऑफिसातल्या काहींनी खाली लिहिलं की आमचीही गेली, आम्हीही कोणाला बोललो नाही. भोसरीच्या एका कारखान्याने भेटायला बोलावलंय. रक्तगट जुळला असावा.

हिंमतरावांना मात्र मी काही कळवलेलं नाही. आता वाचलंच, तर नुसता खोटारडा नाही, बेकारही आहे, एवढंच त्यांना कळेल. त्यांनी हाक दिली नाही तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

रागातून सवड मिळाली की आठवण काढावी.
दिगू

सदाशिव पेठ,
२५ जानेवारी २०२५

चि. दिग्विजयास,
अनेक आशीर्वाद.

हिंमतराव आज येऊन गेले. चहा घेतला, दोन कप. तुझं नवीन पान त्यांनी वाचलंय. मला वाटलं आता चार शब्द सुनावतील. पण ते खाली मान घालून बसले आणि म्हणाले की पृथ्वीराजचीही नोकरी दसऱ्याच्या आधीच गेली आहे. त्यानेही पानावर 'चालू' असंच ठेवलंय. रोज अर्ज करतो, छोटी-मोठी कामं घरून करून देतो, पण पक्कं काही नाही. तुझी ती थोरवी वाचून त्यांना धडकी भरली, की या माणसाला आपल्या पोराचं कसं सांगायचं. म्हणून मोठेपणाचं निमित्त करून मागे सरले.

म्हणजे बघ, इतकी वर्षं मी दोष पहिल्या ओळीत लिहून घेते म्हणून मिरवते, आणि दोन्हीकडून मला कोणी पत्ता लागू दिला नाही. त्यात एक माझा भाऊ. उद्यापासून मंडळाची पाटी उतरवून ठेवावी म्हणते. दाजी त्यावर पहिल्यांदाच काहीतरी बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

जाताना हिंमतरावांनी विचारलं की नोकरी नसलेल्या मुलाला दिग्विजयराव मुलगी देतील का. मी म्हटलं, ते त्यालाच विचारून सांगते. तर विचारलं.

उत्तर लवकर पाठव, माझा जीव टांगणीला लावू नकोस.
विमलताई

धायरी,
३० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायलाही लाज वाटते. मनात आलं की बेकार मुलाला मुलगी कशी द्यायची! नुसतं मनात नाही, मी ते मोठ्याने बोललो. मुलाने आधी पायावर उभं राहावं, जबाबदारी म्हणजे काय, असं बरंच. नम्रता गव्हातले खडे वेचत होती. तिने चाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. वाक्य अर्धंच राहिलं.

मग ऋतुजाला बोलावलं. तिला धक्का न लावता कसं सांगावं, याची मी मनातल्या मनात बरीच तालीम केली होती. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली की तिला माहीत आहे. पृथ्वीराजने पहिल्याच भेटीत, कॉफी यायच्या आधी सांगून टाकलं होतं. म्हणूनच तर तिला तो आवडला. मी भडकलो. विचारलं की मग इतके दिवस मला का सांगितलं नाहीस, स्थळ मोडत होतं तेव्हा तरी तोंड उघडायचं.

ती म्हणाली की नोकरी गेल्याचा विषय या घरात काढायचा नाही, असं बाबांनीच सांगितलं होतं. जे बाबांना स्वतःबद्दल ऐकवत नाही, ते त्याच्याबद्दल कसं ऐकवायचं? त्याला बेकार म्हटलं असतं, तर ते बाबांना लागलं असतं. त्यापेक्षा मोडलं तर मोडू दे, असं तिने ठरवलं होतं.

ताई, माझी पोरगी आवडलेला मुलगा सोडायला तयार झाली, पण मला खाली बघायला लावायला तयार झाली नाही. मी तिच्यासमोर बसून रडलो. भरपूर रडलो. काही लपवलं नाही.

हिंमतरावांना कळव, आमच्याकडून होकार आहे. बेकार मुलाला मुलगी देतोय हे त्यांच्या कानावर घाल, आणि बेकार माणसाची मुलगी करून घेताय हेही.

आम्हा सगळ्यांवर तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
दिगू