उन्हात वाळलेला शर्ट

तीर्थरूप बाबांच्या पायांना नमस्कार, आणि आईच्या गालाला चिमटा.

मी मजेत आहे. गच्चीवर सोलर पॅनेल बसवताना कमरेला पट्टा असतो, तेव्हा आईला सांगा, पडायची सोयच नाही. सुरुवातीला खाली बघितलं की डोळे गच्च मिटायचे. आता नाही. फारसे नाही.

परवा गंमत झाली. सुट्टी होती, म्हणून मी कपडे धुतले आणि सवयीने खिडक्या घट्ट लावून खोलीतच वाळत घातले. घरमालकीणबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, बाहेर एवढं ऊन पडलंय, कपड्यांना कोंडून का ठेवलंस?" त्यांना काय सांगणार, आपल्याकडे भट्टीच्या काजळीने बाहेरचा कपडा तासाभरात काळा होतो म्हणून. इथल्या भट्ट्या धूर थांबवायच्या नव्या कायद्याने कधीच थंड झाल्यात.

तुमच्या भट्टीचीही पाळी आलीय, म्हणून तुम्ही त्या कायद्याला उठताबसता शिव्या घालता. पण भट्टीवाल्यांना आणि त्यांच्या मुलांना आधी नवं काम शिकवा, हेही त्याच कायद्यात आहे. मी नाही का शिकले? आमच्या वर्गात तुमच्या वयाचे तिघे आहेत. त्यातले एक जण शिडी चढताना अगदी तुमच्यासारखे कुरकुरतात. त्यांच्याशी माझं छान जमतं.

खोकला कसा आहे? "बरा आहे" असं आईच्या हातून लिहून घेऊ नका.

सोबत तुमच्यासाठी पांढरा शर्ट पाठवतेय. मुद्दाम धुऊन दिवसभर बाहेर वाळवलाय. आधी कॉलर बघा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

तुमची,
धाकटी