अकरा मिनिटांची पत्रिका

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
आंजर्ले, दि. ९ मार्च २००८

चि. समर्थ यास,

हरिश्चंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद. (या खेपेस नेहमीपेक्षा थोडे कमी आहेत, कारण पुढे येईल.) पुण्यात तुझी प्रकृती ठीक असेलच. आमची विचारू नकोस. तुझ्या मैनाकाकूचे गुडघे आणि माझा रक्तदाब यांची सध्या चढाओढ चालली आहे.

माझा जुना लॅपटॉप ‘भंगार झालाय’ म्हणून तू गणपतीत उचलून नेलास, त्या जागी नवा ठेवलास, आणि वर फोनवर विचारतोस की, प्रत्यक्ष कामात किती फरक पडला ते मोजून कळवा. मोजले. घड्याळ लावून मोजले. जन्मवेळ घातल्यापासून पत्रिका पडद्यावर येईपर्यंत जुना अकरा मिनिटे घ्यायचा. तुझा हा पठ्ठ्या चार सेकंदांत मोकळा होतो. आणि तेव्हापासून माझे एकही भविष्य खरे ठरलेले नाही! नऊ वर्षे ज्या भटजीचा शब्द आंजर्ल्यापासून मुरुडपर्यंत खोटा पडला नाही, त्याची अब्रू तू मातीत घातलीस.

जुना कसा रीतीने काम करायचा! घरघर सुरू झाली की आलेला माणूस ओटीवर टेकायचा, काकू कोकमाचे सरबत आणायची, मी आपला सहज म्हणून यंदा आंबा कसा आहे, मुलेबाळे कुठे असतात, भावकी काय म्हणते, असे विचारायचो. माणूस मोकळा व्हायचा. तोवर ग्रहही सावकाश आपापल्या घरात जाऊन बसायचे. मग मी पत्रिका पाहून बोललो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा! आता सरबतातली साखर विरघळायच्या आत पत्रिका समोर हजर.

परवा मुरुडचे रावजी आले. धड टेकलेही नव्हते, तो पत्रिका तयार. मी सांगितले, मुलाला परदेशयोग आहे, लवकरच विमानात बसेल. तर म्हणतात कसे, “ओ भटजी, मस्कतसून तो कायमचा परत आलाय म्हणून तर तुमच्याकडे आलोय!” दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंना बजावले की घरात वाटणीचा योग दिसतो, सांभाळा. त्या वाटणीच्याच दाव्याची तारीख करून दापोलीहून परस्पर आल्या होत्या. दाव्याचे बारावे वर्ष! बाई हसल्या असत्या तरी चालले असते रे. नुसत्या उठल्या आणि गेल्या. मला फार लागले. (काकू म्हणते, “यंत्र पळायला लागलं, आता तुम्हालाच थोडं ज्योतिष शिकावं लागणार.” तिच्याकडे मी लक्ष देत नाही.)

माझे मत स्पष्ट आहे. घाईत केलेले गणित ग्रहांना मानवत नाही. तू एवढा इंजिनियर, तुला हे कळायला हवे होते.

तुझा (तूर्त रागावलेला)
हरिश्चंद्रकाका

ता. क. जुना लॅपटॉप परत पाठव. भंगारात दिला असलास तर या नव्याला अकरा मिनिटे लागतील अशी काही सोय बघ. घरघरही झाली तर उत्तम.

ता. क. दुसरा : तुझ्या आईने तुझी आणि चिपळूणच्या त्या वेदिकाची अशा दोन पत्रिका जुळवायला पाठवल्या आहेत. यंत्राने चार सेकंदांत अठ्ठावीस गुण दाखवले. माझा काडीचा विश्वास नाही. मुलगी तुला मनापासून आवडली आहे का, दोघे कुठे भेटता-बिटता का, ते सविस्तर आणि लगेच कळव. म्हणजे ग्रह काय म्हणतात ते तुझ्या आईला ठामपणे सांगायला मी मोकळा.