उजव्या डोळ्यापुरतं

४ मार्च
नोकरी आणि खोली, दोन्ही एकाच दिवशी पदरात पडलं! चष्म्याच्या दुकानातला कॉन्टॅक्ट लेन्सचा विभाग मी बघायचा. दुकान काकूंचं. खाली दुकान, वर त्या एकट्याच राहतात आणि मागची खोली त्यांनी मला दिली आहे. खिडकीला पडदा नाही, त्यामुळे सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. आईला फोन केला. काकू जेवूही घालतात हे ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

६ मार्च
तेच तेच शिकवून तोंड दुखलं, पण मजा येते. आधी हात धुवा, कोरडे करा. लेन्स बोटाच्या टोकावर घ्या. वाटीसारखी दिसली तर सुलट, बशीसारखी पसरली तर उलट. नळाचं पाणी लावायचं नाही, डबीतलं द्रावण रोज नवं घ्यायचं आणि लेन्स घालून झोपायचं तर अजिबात नाही. आज एका मास्तरांनी घामाघूम होऊन लेन्स घातली, ती शेवटी मिशीत सापडली. काकूंना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

लेन्स विकणारीनंच चष्मा लावला तर कोण विश्वास ठेवणार, असं काकूंचं म्हणणं. माझा डावा डोळा ठणठणीत, नंबर फक्त उजव्याला. तपासताना त्या मध्येच थांबल्या. त्यांच्या लेकीचा नंबरही हाच होता, तोही उजव्यालाच. ती गेल्या वर्षी आजारपणात गेली, याच खोलीत. तिच्यासाठी मागवलेली लेन्स सीलबंद पडून होती, मुदतही शिल्लक होती. वाया जाण्यापेक्षा तू घाल, म्हणाल्या. मला नाही म्हणवेना.

९ मार्च
लेन्स छान बसली, डोळ्यात आहे हे जाणवतही नाही. फक्त सकाळी खोलीत एक गंमत झाली. उजव्या डोळ्याला खिडकीवर हिरवा पडदा दिसला. डावा उघडला की पडदा नाही. लेन्स काढून चोळून धुतली, पुन्हा घातली. पडदा तिथंच, वाऱ्यानं हलत होता.

१३ मार्च
दुकानात सगळं नीट दिसतं. खोलीत आले की — आज पलंगावर बसले होते, तर काकू माझ्यावर वाकलेल्या दिसल्या. केस आतासारखे पांढरे नाहीत, काळेभोर, चेहरा भरलेला, डोळे रडून सुजलेले. डाव्या डोळ्यानं पाहिलं तर खोलीत कुणीच नव्हतं.

जेवताना काकूंना सांगितलं. पडद्याचं ऐकून त्यांनी घास खाली ठेवला. तो पडदा त्यांनी लेक गेली त्या दिवशी काढला होता. मग हळूच विचारलं, "मी दिसते का तिला? अजून?"

मी हो म्हटलं.

१७ मार्च
दुकान बंद झालं की काकू येऊन समोर बसतात. माझ्या उजव्या डोळ्यात बघत लेकीशी बोलतात. आज काय भाजी केली, शेजारणीला नात झाली, जिना आता चढवत नाही. मधूनच लहान मुलीला दटावावं तसं दटावतात. मला रडू येतं, तर ते एकाच डोळ्यातून येतं.

काढायची वेळ झाली म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो.
"जरा वेळ राहू दे ना, बाळा."
राहू देते. कुणाचं काय जातं?

२२ मार्च
काल लेन्स घालूनच झोप लागली. गिऱ्हाइकांना शिकवणारी मी! डोळा लाल, आत वाळू गेल्यासारखं खुपतंय. काकूंनी स्वतः थेंब घातले, कपाळावरून हात फिरवला. लेन्स मात्र काढ म्हणाल्या नाहीत.

२५ मार्च
उजेड सहन होत नाही. डॉक्टरांकडे गेले. बुबुळावर जखम आहे, म्हणाले. लेन्स त्यांनीच काढून कचऱ्यात टाकली. औषधं दिली.

खोलीत आले. लेन्स नाही.
पडदा आहे.

२६ मार्च
काकूंना सांगायला नको होतं. लेन्स गेली म्हणून त्या दिवसभर रडत होत्या, बघवेना, म्हणून सांगितलं की दिसतं अजून. त्यांनी माझा चेहरा ओंजळीत धरला. किती सुखानं हसल्या.

आता खोलीबाहेरही तेच दिसतं. जिना, दुकान, सगळं तिच्या वेळचं. उजव्या डोळ्याला आजची माणसं दिसत नाहीत. तिनं ज्यांना पाहिलं तेवढीच —

२८ मार्च
डाव्यातही. कडेनं हिरवं.
फोन केला. आई म्हणाली, लगेच निघते. आवाज ऐकून बरं वाटलं.
काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, तुला नेतील ना आता? आणि तिला?

२९ मार्च
अंदाजानं लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील.

दार वाजलं. आईची चाल ओळखली. माझं नाव घेऊन जवळ आली, बाजूला बसली — पलंग दबला. तिनं हात हातात घेतला. खरखरीत बोटं, आईचीच. म्हणतेय, "अगं, इकडे बघ ना माझ्याकडे."

बघतेय मी.

दोन्ही डोळ्यांनी बघतेय. पडदा हलतोय. काळ्या केसांच्या काकू वाकल्यात माझ्यावर. पलंगाची कड रिकामी आहे.

आई रडतेय. कुठून — तिचा चेहरा कसा होता तो आठवून लिहून ठेवते. कपाळावर, डाव्या बाजूला, एक —