न मोजलेला आकडा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला काही सांगायचं राहिलं आहे, असं मी मनाशीसुद्धा म्हणत नव्हते. तुमचा विभाग आता माझ्याकडे आहे, किनाऱ्यावरच्या गावांचा रक्तदाबाचा अभ्यासही. विद्यार्थ्यांना मी तुमच्याच शब्दांत सांगते, माणसाला पाच मिनिटं बसवा, दाब मोजा, परत पाच मिनिटं थांबा, परत मोजा, मग सरासरी काढा. गेले दोन महिने हे वाक्य मी घाईने संपवते.

तारकर्लीतली ती दुपार तुम्हाला आठवायचं कारण नाही. माझी पहिलीच पाहणी. आदल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "एका घराला एवढा वेळ लावलास तर ही पाहणी तुझी नातवंडं पूर्ण करतील." सगळे हसले, मीही हसले. शेवटच्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सुंगटं, आपली कोळंबी, वाळत घातली आहेत. घरची बाई विहिरीवरून कळशी घेऊन येते, पायरीवर बसते आणि हात पुढे करते. "बघ गो बाय, पण बेगीन. माका काय एक झालेला नाय." पारा चढतो, आकडा बराच जास्त येतो. मी थांबते. तेवढ्यात रस्त्यावरून आपल्या जीपचा हॉर्न वाजतो, पुन्हा वाजतो. ही आत्ताच चालून आली आहे, थोड्या वेळाने उतरेलच, असं म्हणून मी दुसरा आकडा न मोजताच कमी लिहिते. सरासरी मर्यादेत बसते. ती जास्त भरली असती, तर बाईला दवाखान्याची चिठ्ठी द्यावी लागली असती. मी यंत्र मिटलं आणि जीपकडे पळाले.

त्या गावची आशाताई आता आमच्या पाहणीत असते. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आवशीची उजवी बाजू गेली, तेच्या आदल्या वर्सा तुमच्या सरांची माणसां प्रेशर बघूक इल्ली. तिचो कागद आसतलो मां तुमच्याकडे?" आई सहा वर्षं अंथरुणावर होती. तिला भरवायला म्हणून हिने नववीतून शाळा सोडली. मी त्याच संध्याकाळी नोंदवही काढली. त्या शेवटच्या घराच्या नोंदीतलं अक्षर माझंच होतं. तिला मात्र दोन महिने सांगत राहिले, शोधते आहे. तिला सांगायची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. त्या पाहणीवर जो लेख छापून आला, त्यावर पहिलं नाव तुमचं आहे.

गेल्या सोमवारी नोंदवही घेऊन तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. निवडता निवडताच म्हणाली, "चिठ्ठी गावली असती तरी ती दवाखान्यात गेली असती असा नाय. हट्टी होती." मला हायसं वाटलं, आणि ते तिला दिसलं असावं. "पण जाऊचा की नाय, ता तिणां ठरवूचा होता. तुम्ही नाय." मग तिने त्या पानाची प्रत मागितली. मी दिली.

लेख छापणाऱ्यांना मी कळवलं आहे, ती नोंद खोटी आहे आणि ती माझी आहे. उत्तर आलेलं नाही. ती एकच नोंद होती का, हे मी स्वतःला रोज विचारते. एकच होती, असं मला आठवतं. आशाताई या आठवड्यात पाहणीला आली नाही, आणि का आली नाहीस हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

हे पत्र मी कपाटात ठेवून देईन. तुम्ही रागावला असता, मग माझ्याबरोबर तिच्या दारात आला असता, हे मला ठाऊक आहे. तरीही कबूल करते, सर, तुम्ही हयात असता तर मी हे कोणालाच सांगितलं नसतं.