दारातली हाक

अहो,

शिवलेले पडदे पोचवायला गिऱ्हाइकाकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. माझ्यासाठी उपाशी बसू नका.

आणि हो, कान गेल्यापासून माझा आवाज माझा मलाच कळत नाही. परवा वन्संकडे तो चढला आणि तुम्ही हळूच माझी बाही ओढलीत. मला फार लागलं ते. तेव्हापासून तोंडाला कुलूप लावून तुम्हाला चिठ्ठ्या लिहितेय. यापुढे बोलायचंच नाही, असं जवळजवळ ठरवलंही होतं.

पण काल मशीनवर बसले असताना कपाटाच्या आरशात तुम्ही दिसलात. दारात बूट काढत माझ्या पाठीकडे बघून म्हणालात, “आलो गं!” ओठांवरून कळलं मला. बहिऱ्या बायकोला हाक! रोज मारता की काय?

मला ऐकू येत नाही हे माहीत असून तुम्ही बोलता. मग माझंच मला ऐकू येत नाही म्हणून मी का गप्प बसू?

आज मी बाहेरून येणार आहे. दारातूनच म्हणेन, “आले हो!” आवाज चढला तर चढू दे, शेजारी ऐकतील फार तर. तुम्ही आतून ओ द्या.

मला ऐकू येणार नाही. तरी द्या.