वानगीचे कापड

मास्तर, आज तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षे होत आली, तेव्हा बोट वर करून मला मध्येच थांबवायला तुम्ही नाही. हे बरेच झाले. मुंबईच्या एका चित्रशाळेचे आपल्या अमरावतीच्या वाचनालयाला पत्र आले आहे. तुम्ही जिवाचे रान करून जमवलेले विलायती पुतळ्यांच्या चित्रांचे ग्रंथ त्यांना नकोत. ते त्यांच्याकडे आहेतच. त्यांना हवे आहे ते कापडाच्या पानांचे पुस्तक. ज्याला तुम्ही चार सभासदांसमोर चिंधी म्हणालात, ते. त्यातल्या एकेका फुलाची नक्कल करायला ते माणूस पाठवणार आहेत.

ती वर्षे आठवतात. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसावर मुंबईचे दलाल तुटून पडत होते. वऱ्हाडातल्या बैलांच्या गळ्यात चांदी आली, तशी अमरावतीच्या वाचनालयाला इमारत आली. तुम्ही म्हणालात, नुसत्या पोथ्या आणि कायद्याची पुस्तके नकोत, चित्रांचा असा संग्रह करू की इथल्या पोराला चित्रकलेसाठी मुंबई गाठावी लागू नये. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, शेतकऱ्याच्या घरातून शिकून तुमच्या हाताखाली आलेला. तुम्ही पुण्याकडचे. मी ‘मले’ म्हटले की तुमची भुवई चढायची. पण काम तुम्हीच शिकवलेत, ते नाकारत नाही. यादी कशी करायची, पेटी उघडल्यावर चित्रे ओळीने कशी तपासायची, आणि नोंदवहीत आधी देणाऱ्याचे नाव, मग पुस्तकाचे. ‘पुस्तक काय, कपाटात दिसतंच. कुणाच्या घरून आलं ते वहीच सांगते,’ असे तुम्ही म्हणायचात. तुमचे आणखी दोन नियम होते. बांधलेले असेल ते पुस्तक, बाकी सगळी अडगळ. आणि एकदा नोंदवहीत क्रमांक पडला की ती वस्तू वाचनालयातून कधीही बाहेर काढायची नाही.

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती. कापूस घेऊन गेलेल्या बैलगाड्या रिकाम्या परतत, त्यातून आपल्या पेट्या आणायला मी जायचो. अशाच एका फेरीत, गाडी जुंपायला अवकाश होता म्हणून, मी अकोल्यात रंगाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. एका दारात एक बाई चुलीवर पाणी तापवत होती आणि जळण म्हणून लाकडी ठसे लावत होती. लुगड्यांवर, जाजमांवर फुले छापायचे ते ठसे. मी हात धरायचाच बाकी ठेवला. ती शांतपणे म्हणाली, “जळू दे ना भाऊ. आता सारा कापूस जाते साहेबाच्या देशात, अन् तिकडूनच छापून येते. आमचं काम कोन घेते? मालक गेला कापसाच्या गाठी बांधाले.”

मी विचारले, फुले पुन्हा हवी झाली तर? तेव्हा तिने आतून एक गुंडाळी आणली. आठदहा हात लांब कापड. घरात नवा ठसा कोरला की त्याचा पहिला छाप या कापडावर उठवायचा, ही त्या घरची रीत. सासऱ्याच्या आज्यापासूनचे छाप एकापुढे एक होते. तिने त्याला वानगी म्हटले. ठसा झिजला, फुटला, तरी वानगीवरून सुतार तो पुन्हा कोरतो. मी मागितली. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “घरात उंदरं खातीन. तुमच्या कपाटात राह्यली तर राहीन तरी. पन पाह्यले आली तर दाखवजा.”

तुम्ही काय म्हणालात ते आठवते? सभासद बसले होते. तुम्ही दोन बोटांत कापड धरून म्हणालात, “हे वाचनालय आहे, परटाची दोरी नव्हे. ही चिंधी पुढच्या फेरीला परत दे.” सगळे हसले. मीही हसलो, आणि परत दिले नाही. महिन्याभराने तुम्ही मुंबईला ग्रंथ निवडायला गेलात. मी वानगी घेऊन जिनगराकडे गेलो, सारख्या मापाची पाने कापून घेतली, चामड्याचा पुठ्ठा घातला आणि क्रमांक टाकून मोकळा झालो. तुम्ही परत आलात तेव्हा ते पुस्तक होते, आणि त्याला क्रमांक होता. तुमच्याच नियमांनी मी तुम्हाला बांधले. तुम्ही पुठ्ठा उघडून मिटलात आणि पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलेत. तो माझ्या उमेदीतला सगळ्यात मोठा विजय होता. अजूनही आहे. जे सगळीकडे मिळते तेच आणून ठेवले तर त्याला संग्रह कशाला म्हणायचे? जे एकाच ठिकाणी होते आणि चुलीत जाणार होते, ते मी ठेवले. यात तुम्ही चुकलात, मास्तर. मी आता वाचनालयाचे काम सांभाळून साप्ताहिक चालवतो, दर बुधवारी अंक छापायला जातो, दिवसभर लोकांच्या चुका काढतो. पण ही तुमची चूक काढताना जितका आनंद होतो तितका कशातच होत नाही.

मग लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती बाई अमरावतीला आली. नवरा घरी परतला होता, पुन्हा ठसे कोरून घ्यायचे होते, म्हणून वानगी पाहायची होती. मी मोठ्या दिमाखात पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवले. तिने पहिले पान उलटले, दुसरे उलटले, आणि विचारले, “काहून कापलं?”

मी म्हणालो, पुस्तक व्हावे म्हणून. तिने समजावून सांगितले. एका फुलाला तीन ठसे लागतात, एक रेघेचा, एक तांबडा, एक पिवळा. वानगीवर ते शेजारी शेजारी असतात, तेव्हाच कळते कोणता कोणाचा. आता रेघ एका पानावर, रंग तिसऱ्यावर, आणि काही फुले सुरीखाली मधोमध गेलेली. ती ओरडली नाही. जमिनीवर बसून दुपारभर एकेक पान लावत गेली आणि मी चिठ्ठ्यांवर लिहीत गेलो, हे ह्याच्या पुढचे, हे त्याच्या जोडीचे. मुंबईकर आज ज्या पुस्तकावर खूश आहेत ते या चिठ्ठ्यांमुळे वाचता येते. तुम्ही तुमच्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत होतात. ती गेल्यावर मान वर न करता विचारलेत, “नाव लिहून घेतलंस का तिचं?”

मला वाटले, पत्ता काढून पुस्तक परत पाठवायचा तुमचा बेत आहे. अजूनही वाटते. त्याच पावसाळ्यात तुम्ही तापाने गेलात, त्यामुळे तुम्हाला विचारायचे राहिले.

मुंबईच्या पत्रात एवढा एकच प्रश्न आहे. हे काम कोणत्या घरचे, नाव कळवावे. उत्तराची मुदत उलटून गेली. माझ्या हातून असे कधी होत नाही. मी अकोल्याला जाऊन आलो. त्या गल्लीत आता सरकीचे ढीग आहेत. रंगारीण म्हटल्यावर लोक विचारतात, कोणती? नोंदवहीतला रकाना कोरा आहे. क्रमांक आहे, आकार आहे, बांधणी करणाऱ्या जिनगराचेसुद्धा नाव आहे.

भांडण माझे खरेच आहे, ते मागे घेत नाही. पण त्या दुपारी तुम्ही विचारलेत तेव्हा मी ‘हो’ म्हणालो होतो. मी तिला विचारलेच नव्हते.