गच्चीवरचे नवलकोल

लातूर, रविवार

ती. सौदामिनीअक्कास,

धाकट्या रेणुकादासचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला, पावला असं समज.) नांदेडात तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची साखर? इकडे राजश्रीची आणखी एक केमो झाली. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्न गेलं तर पुढची देऊ, नाहीतर थांबू. थांबू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

अन्न मात्र तिच्या तोंडाशी येऊन परत जातं. वरण कडू, दही कडू, आणि माझं तोंड पाहूनही मळमळतं (हे तिनेच सांगितलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर). दवाखान्यात शेजारच्या खाटेवर उदगीरकडची सिद्धम्मा होती. तिच्या डब्यातली कसलीशी पांढरी भाजी हिने निमूट खाल्ली. मी सिद्धम्माच्या सुनेला व्हरांड्यात गाठून विचारलं, तर नवलकोल! मंडईत मिळाले ते जून, त्यापेक्षा लाकूड बरं. मग ठरवलं, बी आणून गच्चीवर आपणच लावायचे.

अक्का, मी जन्मभर भूगोल शिकवला, मृदेचे प्रकार फळ्यावर काढले. पण माती हातात घेतली ती आत्ता. मिठाईच्या खोक्यात रोपं इतकी दाट उगवली की विरळ करायला जीव होईना (वर्गातूनही मी कधी कुणाला बाहेर काढलं नाही), तेव्हा निम्मी एकमेकांच्या अंगावर पडून मेली. उरलेली कुंड्यांत लावली. खालच्या मजल्यावरचे साहेबराव, ज्यांचं शिरूर अनंतपाळला सोयाबीन असतं, ते पाहून म्हणाले, "सर, ह्यो मुळ्यावानी हाय. गळ्यापर्यंत माती लावा, लई पोसतंय." मी लावली. नवलकोलाचा गड्डा मातीच्या वर धरतो, हे आम्हा दोघा विद्वानांना रोपं कुजल्यावर कळलं. नळ आठवड्याने येतो, म्हणून वाचलेल्यांना तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. राजश्री गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बघत बसायची, एक शब्द बोलायची नाही. मला वाटलं, थकली आहे.

परवा दोन कोवळे गड्डे काढले, मूगडाळ घालून भाजी केली, ताट पुढे ठेवलं. तेव्हा ती म्हणाली, "मी काशीला नवलकोल सोडलाय."

म्हणजे तुम्ही नणंद-भावजय काशीला गेलात, गंगेत उभं राहून एक भाजी जन्मभरासाठी सोडायची, तर घरात कधी न येणारीच सोडू, असा शहाणपणा तुम्ही दोघींनीच केलात ना! दवाखान्यात ती नवलकोल खातेय हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या हातातलं बियांचं पाकीट पाहून कळलं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सकाळी उठून वर जात होतात. आधी नुसते भिंतीकडे बघत बसायचात."

मला रडू आलं. भाजी मी खाल्ली. चांगली झाली होती, त्याचाच राग आला.

घरात मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. चुकलं-माकलं पोटात घाल.

तुझा,
रेणू

ता. क. कुंड्यांत अजून काही गड्डे आहेत. तू जन्मात खोटं बोलली नाहीस, म्हणून तुलाच सांगतो. पत्र मिळताच राजश्रीला फोन कर आणि म्हण, "अगं, काशीच्या गुरुजींपुढे तू सुरण सोडलास, नवलकोल मी सोडला." पाप माझ्या नावावर. (मीच फोन केला असता, पण दोन खोल्यांच्या घरात तिला सगळं ऐकू जातं.)

ता. ता. क. वन्सं, यांनी पत्र उशीखाली लपवलं होतं, मी वाचलं. फोन कराच. फक्त सुरणाऐवजी कारलं म्हणा, सुरण मला आवडतो. मी खरं मानीन. – राजश्री